शेजारचे काका

“दादा, इथे चंदनाचा हार कुठे मिळेल?”

विचारणारी मुंबईची मुलगी होती, रेवती नावाची. शूटिंगच्या जागेवर सामान मांडायचं काम तिच्याकडं होतं. हातात यादी, कानात वायर. मी म्हणालो, “पातळ चकत्यांचा ना? गावभागात जा, देवळासमोर पूजेच्या सामानाचं दुकान आहे. माझं नाव सांगा.”

ती गेली आणि मी बॅटऱ्या चार्जिंगला लावत बसलो. मला वाटलं देव्हाऱ्यावर घालायचा असेल. चंदनाचा हार आपल्यात कुठल्या फोटोला घालतात हे शेंबडं पोरगंही सांगेल. तीस वर्षं लग्नाबारशांचं शूटिंग करणाऱ्या महावीर चौगुलेला तेवढं कळू नये? कळलं असणारच. कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच खरं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. जागा इचलकरंजी, रॅप गाणाऱ्या अवधूत ऐवळेच्या घरामागची पत्र्याची खोली. पुढं नवं स्लॅबचं घर होतं. त्याची आई, म्हणजे आमच्या सुलामामी, वीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत होत्या, त्यातून उभं राहिलेलं. बाहेर निळ्या फरश्या, दारावर पितळी अक्षरांत ‘सुलोचना’. मुंबईच्या लोकांनी त्या घराकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्यांना मागची खोली पाहिजे होती, जिथं मामी शेळी बांधायच्या. शेळी काढली, लेंड्या झाडल्या, आणि मग रेवतीनं भिंतींना काळं लावून त्या आणखी घाण केल्या. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

“आगं बाई, पुढच्या घरात फरशी हाय की. पोराचं गाणं जगभर जानार, आन् शेळीच्या खोलीत?”

“मामी, आता असंच चालतंय,” मी म्हणालो.

असंच चालतंय हे मला कसं माहीत? कारण आधी जे चालत होतं, तेही मीच केलं होतं.

अवधूतचा पहिला व्हिडिओ मी काढलेला. तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचं नाव ‘किंग ऍवी’ होतं. तेव्हा रॅप म्हणजे मोठी गाडी, गळ्यात साखळ्या, डोळ्यावर गॉगल. आता आमच्याकडं गाडी कुठली? मी एका लग्नाचं शूटिंग करत होतो, त्या नवरदेवाची सजवलेली गाडी वरात संपल्यावर तासाभरासाठी मागून घेतली. मागच्या काचेवर वधूवरांची नावं तशीच. साखळ्यांसाठी कासारणीकडं गेलो, तिच्याकडं नवरीचे भाड्यानं द्यायचे दागिने असायचे. किंग ऍवीनं गळ्यात राणीहार घातला! त्याला काय ठाऊक, तो चकाकतोय म्हणून खूष. आणि अंगात कोट कुठला, तर बापाचा. बँडवाल्याचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर जरीच्या दोऱ्या.

बाप म्हणजे भगवानमामा. न्यू सरगम ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. मी शूटिंगला आणि ते वाजवायला, अशी आमची शेकडो लग्नं बरोबर झाली. वरातीत बाकीचे वाजवणारे मागं जाऊन दोन घोट मारून यायचे, हा माणूस सुपारीच्या खांडालासुद्धा शिवला नाही. अवधूतच्या बोलण्यात जो ताल आहे ना, ज्याच्यावर आता लोक लेख लिहितात, तो बापाच्या दोन टिपऱ्यांतून आलाय. लहानपणी ताटावर शिकवलेला.

त्या दिवशी मामांनी स्वतः कोटाला इस्त्री करून आणली. पोरावर उजेड पडावा म्हणून थर्माकोलची शीट डोक्यावर धरून दोन तास उन्हात उभे. पोरगं म्हणत होतं, ‘गाडी माझी, गल्ली माझी, पॉवर माझी हाय,’ आणि मामा शीटच्या मागं मान डोलवत होते.

“ताल सुटतोय रं! शेवटाला घाई करू नको!”

व्हिडिओ टाकला. खाली पहिली कॉमेंट आली, ‘हा नवरी आहे का नवरदेव?’ दुसरी, ‘राणीहार परत द्या.’ सगळ्या महाराष्ट्रानं हसून घेतलं. अवधूत पंधरा दिवस घराबाहेर पडला नाही. त्याला एकच गोष्ट कायमची कळली. आपण जे आहोत ते लपवायला गेलो आणि फसलो.

मग पाचसहा वर्षांत वारं फिरलं. साखळ्या उतरल्या. मोठ्या शहरातली पोरं आपापल्या वस्तीतले पत्रे, गटारं, पाण्याची रांग दाखवायला लागली आणि लोक तेच बघायला लागले. चांगलं होतं ते, मी नाव ठेवत नाही. खरं बोलणारी पोरं होती. पण आमच्या हिऱ्याकडं सांगायला फरशीचं घर, निर्व्यसनी बाप आणि दोन वेळचं जेवण होतं. मग त्यानं काय केलं? फोनसमोर बसून दोन मिनिटांचं एक गाणं टाकलं.

‘बापानं बाटली धरली, आईनं धरला माग,
माझ्या वाट्याला आली पत्र्याखालची आग.’

ते धावलं. असं धावलं की कुणाला थांबवता येईना. मी मामांना विचारलं, “ऐकलं का?” म्हणाले, “ऐकलं की. दुसऱ्या कुनाच्या तरी बापाचं असंल. नाटकात राजा होनारा घरी राजा असतोय व्हय?” एवढंच त्यांच्या मनात. पण मग कुणीतरी अवधूतची मुलाखत घेतली आणि विचारलं, वडील आता कसे आहेत? तिथं ह्याची जीभ अडखळली आणि पडली ती नको तिथं. म्हणाला, “गेले. दारूनं.”

गल्लीत सगळ्यांनी बघितलं. मामा-मामींना कुणी सांगितलं नाही. त्यांच्याकडं साधा फोन. आणि पोरगं मोठं होणार म्हटल्यावर गल्लीनं तोंडाला कुलूप घातलं.

मुंबईची कंपनी आली ती त्या मुलाखतीवरच. ‘किंग ऍवी’ गेला, ‘मागवाला’ आला. करार झाला आणि शूटिंगच्या चार दिवस आधी अवधूत माझ्या दुकानात येऊन बसला. स्टुलावर बसला आणि बराच वेळ माझ्या लेन्सा पुसत राहिला.

“दादा, अण्णांचा जुना फोटो हाय का तुझ्याकडं? तरुणपणचा, मिशीवाला?”

“मामांचा ना? आहे. कशाला?”

“घरात लावायला पाहिजे म्हणत्यात.”

“कशाला म्हणून विचारतोय मी.”

“दादा, त्यांना अण्णा न्हाईत असं सांगितलंय मी. आता फिरवलं तर खोटारडा म्हणून हाकलून देतील. सगळं जाईल.”

मी चिडलो. म्हणालो, “लाज वाटत नाही? त्या माणसानं तुझ्यासाठी थर्माकोल डोक्यावर धरलाय.”

“माहीत हाय. पर एवढं एक गाणं होऊ दे. मग मी स्वतः सांगतो सगळ्यांना. आईची शपथ.” आणि मग त्यानं हळूच टाकलं, “दुसऱ्या कॅमेऱ्याला तुझंच नाव सांगितलंय मी. शेवटी नावांच्या पाटीत येनार.”

झालं. माझा राग तिथंच विरघळला, बघा. तीस वर्षं मी नवरीचे हळदीचे हात आणि सासरच्या मंडळींचे आहेर काढत होतो. कुणीतरी मला कॅमेरामन म्हणावं एवढीच भूक होती. मी जुना फोटो शोधून काढला. मामांच्या लग्नातला, काळ्या झुपकेदार मिशीचा. कॉम्प्युटरवर साफ केला, सुरकुत्या काढल्या, फ्रेम केला. आताचे मामा टकले, मिशी पांढरी होऊन काढून टाकलेली, गाल बसलेले. ओळखणार कोण?

“आणि त्या दिवशी मामा घरात असणार त्याचं काय?” मी विचारलं. हो, मीच विचारलं.

“तू सुपारी दे की त्यांना. तुझ्या शब्दावर जातील.”

बँडवाल्याला वाजवायला बोलावणं म्हणजे सुपारी देणं. मामांना निम्म्या सुपाऱ्या माझ्याकडूनच मिळायच्या, त्यामुळं ते माझ्याकडं कधी दुसऱ्यांदा विचारत नसत. मी फोन लावला. “मामा, कुरुंदवाडला लग्न आहे शुक्रवारी. मोजकी माणसं. नवरदेव मारुतीच्या देवळात पाया पडायला जातो, तेवढ्यापुरता एकच ड्रम पाहिजे. सकाळी दहाला.”

“येतो की. पर शुक्रवारी पोराचं शूटिंग न्हवं?”

“ते दिवसभर चालणार. तुम्ही येईपर्यंत असतील.”

“मग बरं. सुपारी मोडायची न्हाई बघ.”

तर असा तो शुक्रवार. रेवती हार घेऊन आली आणि फोटोला घातला. वर लाल दिवा लावला. दिग्दर्शक निहाल सर, पस्तिशीचा माणूस, बोलायला अतिशय सभ्य, फोटोसमोर क्षणभर हात जोडून उभा राहिला. त्याला कुणी खरं सांगितलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं तो मेलेल्या माणसाला नमस्कार करत होता.

मामी आत आल्या त्या ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसून, केसात अबोलीचा गजरा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कपड्यांचं बघणाऱ्या बाईनं त्यांच्या हातात एक पांढरट विटकं लुगडं दिलं आणि म्हणाली, “काकू, हे नेसा. आणि कुंकू पुसून टाका, मंगळसूत्रही काढा.”

मामींनी आधी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. फोटो बघितला. हार बघितला.

“अवध्या!”

मी पळत गेलो, अवधूतही आला. दार लावून घेतलं.

“मुडद्या, बाप जित्ता हाय तुझा! सकाळी माझ्या हातची भाकरी खाऊन गेलाय!”

“आई, हळू. बाहेर ऐकतील.”

“ऐकू दे! काय म्हनून लावलास त्यो हार?”

अवधूत खाली बसला आणि त्यानं आईचे दोन्ही पाय धरले. रडायला लागला, खरं रडला. “आई, करार मोडंल. परत हसतील लोक मला. त्या राणीहारावरनं हसले तसे. मला न्हाई सोसवनार ह्या खेपेला. मी जिवाचं कायतरी करून घेईन.”

आईला पोरानं एवढं म्हटल्यावर तिनं काय करायचं? मामींनी माझ्याकडं बघितलं. घरातला शहाणा माणूस म्हणून बघितलं.

“महावीर, तू सांग. ह्यांना ठाव हाय का हे?”

माझ्या जिभेला हाड नाही ते त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, “हो मामी. मी बोललोय मामांशी. हसले ते. नाटकात करतात तसंच आहे, म्हणाले.”

“हसले?”

“हो.”

मग मामींनी ते विटकं लुगडं नेसलं. मंगळसूत्र काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. पदराला थुंकी लावून कुंकू पुसलं. इतक्या वर्षांच्या कुंकवानं कपाळावर गोल वण पडला होता, तो मेकअपवाल्या पोरीनं पावडर लावून बुजवला. बांगड्यांना मात्र हात लावू दिला नाही. म्हणाल्या, “त्या मी पदराखाली झाकते. उतरवायच्या न्हाईत.”

शूटिंग सुरू झालं. मामी रहाटावर कांड्या भरतायत, वर हार घातलेला फोटो, पुढं अवधूत उकिडवा बसून कॅमेऱ्याकडं बघत बोलतोय. ‘बापानं बाटली धरली…’ मी बाजूच्या कॅमेऱ्यावर मामींचा चेहरा धरला होता. खोटं कशाला बोलू, मला फ्रेम आवडली होती.

बारा वाजता दार ढकललं गेलं.

भगवानमामा. अंगात तोच लाल कोट, सोनेरी झालरी, डोक्याला टोपी, गळ्यात ड्रम, पायात धुळीनं भरलेले बूट. कुरुंदवाडात लग्न सापडलं नाही म्हणून दोन देवळं फिरून, मिळेल त्या एसटीनं परत आले होते. उन्हानं चेहरा लालबुंद झालेला. हसतच आले.

“चुकलं का रं शूटिंग? संपलं तर न्हाई न्हवं?”

सगळे वळले. निहाल सर एकदम उठून उभा राहिला. “अरे वा! हे कोण? काय कोट आहे!”

मामांचं हसू अजून तोंडावर होतं. त्यांनी आधी भिंतीवरचा फोटो बघितला. आपणच की! मग हार बघितला. मग खाली रहाटावर बसलेली बायको, पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. मामींनी चटकन पदर पुढं ओढला, पण त्यांनी बघितलं होतं.

“अवधूत, कोण आहेत हे?” निहाल सरनं परत विचारलं.

मी मनात म्हणालो, सांग लेका. आता तरी सांग. वाघासारखं बोलतोस ना कॅमेऱ्यापुढं?

अवधूत म्हणाला, “सर, ते शेजारचे काका आहेत. बँडमध्ये असतात.”

माझा कॅमेरा चालू होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही. मामांनी अवधूतकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, “व्हय साहेब. शेजारीच असतोय.”

“मग तुम्ही ह्यांच्या वडिलांना ओळखत असाल,” निहाल सर म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचा आदर होता.

“ओळखायचो की.”

“खूप प्यायचे ना?”

मामा फोटोकडं बघत म्हणाले, “पीत असंल. आता गेलेल्या मानसाबद्दल काय बोलायचं, साहेब.”

रहाट थांबला होता. मामींनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

निहाल सरला कल्पना सुचली. ती सुचणारच होती. “काका, तुम्ही ह्या फोटोखाली उभे राहून वाजवाल? मयताच्या वेळी वाजवता ना, तसं संथ. ह्या खोलीतून तो बाप शेवटचा जातोय, असं.”

मला वाटलं आता मामा ड्रम आपटतील. पोराच्या दोन कानाखाली ओढतील, मला लाथ घालतील. तसं झालं असतं तर मी आज तुम्हाला हसत सांगितलं असतं. त्यांनी अवधूतला विचारलं, अगदी परक्याला विचारावं तसं, “वाजवू का? चाललं का तुमाला?”

अवधूत खाली बघत म्हणाला, “वाजवा, काका.”

मामा फोटोखाली उभे राहिले. टिपऱ्या हातात घेतल्या आणि वाजवायला लागले. मी त्या माणसाला शेकडो वराती आणि पन्नासेक मयतांत ऐकलंय. तसं कधी ऐकलं नाही. एक ठोका, मग थांबून दोन. एक ठोका, मग थांबून दोन. शेवटाला जरासुद्धा घाई नाही. मामी रहाटावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागल्या, माणूस गेल्यावर बाई रडते तशा. मी त्यांचं रडणं जवळून घेतलं. माझे हात हलले नाहीत.

“कट! आईंनी काय दिलंय! काका, तुम्हीसुद्धा!” निहाल सरच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अवधूतनंही.

जेवणाची सुट्टी झाली तसं मामी धावत पुढच्या घरात गेल्या. मी मागं गेलो, क्षमा मागायची म्हणून. त्या देवळीसमोर उभ्या राहून कुंकू लावायला बघत होत्या आणि हात इतका कापत होता की ते भुवईवर, नाकावर पडत होतं. मामा आले. अंगातला कोट काढला नव्हता. भिंतीवरचा आरसा त्यांनी काढला आणि दोन्ही हातांनी बायकोच्या तोंडासमोर धरून उभे राहिले, नीट लागेपर्यंत.

“हसलासा म्हनं तुमी?” मामींनी विचारलं.

“कोन म्हनालं?”

मामींनी दारात उभ्या माझ्याकडं बोट केलं. मामा माझ्याकडं वळले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“महावीर, कुरुंदवाडात लगीन न्हवतं गा.”

“मामा, तारीख चुकली माझी…”

“असू दे. हितं मिळालं की वाजवायला.”

त्यानंतर त्यांनी माझी सुपारी कधी घेतली नाही.

गाणं लागलं. कोट्यवधी लोकांनी बघितलं. शेवटी माझं नाव आलं, अर्धा सेकंद, आणि आडनाव चुकलेलं. मामा एकदा दुकानात आले आणि म्हणाले, “दाव बघू.” चष्मा लावून पूर्ण बघितलं. त्यांचे चार सेकंद आले तेव्हा म्हणाले, “बरा दिसतोय की. मेलेलाबी आन् जित्ताबी.” उठून गेले.

अवधूत मुंबईला गेला. आईची शपथ घेतली होती त्यानं, की मग सांगतो. पुढचं गाणं आलं, त्यातही बाप मेलेलाच. बक्षीस मिळालं, स्टेजवरून म्हणाला, हे वरून बघत असलेल्या माझ्या बाबांना. मामा तेव्हा जयसिंगपुरात एका वरातीत वाजवत होते. आईला त्यानं मुंबईला न्यायला गाडी पाठवली दोन वेळा. बापाला नेता येत नव्हतं, लोक विचारतील ना! मामी म्हणाल्या, “आमी दोघं मिळून असतोय, एकटी कुठं येत न्हाई.” गाडी रिकामी परत.

आणि गेल्या दिवाळीत त्याचा मला फोन. आवाज मऊ, शब्द जपून वापरलेले. वारं परत फिरलं होतं. आता पत्रे आणि गटारं जुनी झाली, सगळ्यांचीच झाली. आता पांढरे सुती कपडे, कमी दिवे, आणि मन मोकळं करणारी गाणी. नावही बदललं, नुसतं ‘अवधूत’.

“दादा, मी सगळं खरं सांगणार आहे. ‘बापाचा ताल’ नावाचं गाणं केलंय. जाहीर माफी. आता लोकांना वारसा पाहिजे, मुळं पाहिजेत. अण्णांचं ड्रम वाजवतानाचं काय काय आहे तुझ्याकडं?”

मी म्हणालो, “माफी मागायला फुटेज कशाला लागतंय? एसटीनं ये.”

“येणार आहे. युनिट घेऊनच येतो.”

मी मामांना जाऊन सांगितलं. ते ओट्यावर ड्रमच्या दोऱ्या आवळत बसले होते. बराच वेळ आवळत राहिले आणि म्हणाले, “गेलेला मानूस परत कसा येईल गा? सांग त्याला.”

मार्गशीर्षात एका सकाळी, अंघोळ करून कोटाची बटणं लावता लावता, भगवानमामा खाली बसले ते उठलेच नाहीत. त्या दिवशी शिरोळची सुपारी होती. बाकीच्या बँडनं ती मोडली आणि सगळे तसेच लाल कोट घालून दारात आले.

मी गेलो तेव्हा गल्लीतल्या बायका मामींभोवती बसल्या होत्या. एक म्हातारी पुढं सरकली आणि म्हणाली, “सुले, कुंकू पुसाय पायजे आता. रीत हाय.”

मामींनी तिचा हात धरला. “पुसलंय एकदा. हे असताना पुसलंय, ह्यांनी बघितलंय. आता न्हाई पुसायची.”

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कुणी पुढं झालं नाही.

दुपारी अवधूतची गाडी आली. पांढरा सदरा, अनवाणी पाय. त्याच्या मागं एक माणूस उतरला, खांद्यावर बॅग. ती बॅग कसली असते ते मी लांबून ओळखतो. अवधूत रडत पुढं आला. बापाला तिरडीवर ठेवलं होतं, अंगात कोट तसाच ठेवलेला. न्हावी थांबला होता, मडकं तयार होतं, लेकाची वाट बघत. अवधूत मडक्यापाशी वाकला.

“थांब,” मामी म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. आवाजही चढवला नाही.

“तुझा बाप सात वर्सांमागं गेला. सगळ्या जगानं बघितलंय, मीच रडले हाय त्यात. हे शेजारचे काका हाईत. शेजाऱ्याच्या मयताला तू एवढ्या लांबनं कशाला आलास, बाबा?”

“आई…”

“आलाईस तर चार पावलं चल. शेजारधर्म हाय.” आणि त्या दिराच्या मुलाकडं वळल्या. “दिगंबर, मडकं तू धर.”

दिगंबरनं मडकं उचललं. बँडवाल्यांनी संथ चाल धरली, ड्रमच्या जागी कुणीच नव्हतं म्हणून नुसत्या क्लॅरिओनेटवर. मुंबईचा माणूस बॅगेची चेन उघडायला लागला तेव्हा मी त्याच्या मनगटाला धरून त्याला गाडीकडं नेलं. तेवढंच मला जमलं.

माणसं निघाली. अवधूत शेवटी, गल्लीतल्या लोकांच्यात चालत होता. मामींनी मला पुढं बोलावलं नाही, म्हणून मीही त्याच्या शेजारीच चाललो.